घोडा पाळलाय ना, मग त्याच्याच टाइमटेबलवर स्वतःला शिस्त लावा

कोल्हापुरात घोडा ठेवणारी माणसं साधारण चार प्रकारची. कुणाचं घोडं रंकाळ्यावर पोरांना फिरवायला, कुणी वरातीला देतं, कुणाला घोडागाडी शर्यतीचा नाद, आणि राहिलेले शेतातल्या शेडमध्ये हौसेनं एक-दोन जनावरं बांधून बसलेले. चौघांच्याही तोंडी एकच वाक्य असतंय, "घोडा घे, आपोआप शिस्त लागते बघ." काय लागत नाही. घोडा घेतला की मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, ठेवावा लागतो, आणि मोतद्दार चांगला मिळाला की मालक आठपर्यंत झोपतो आणि रील काढायपुरता तबेल्यात येतो, अशी उदाहरणं आपल्या गल्लीगल्लीत आहेत.

पण घोड्याच्या देखभालीत रोज, ठरल्या वेळी, स्वतःच्या हातानं करायची कामं भरपूर असतात हे खरं. त्या कामांना आपली एकेक सवय बांधून टाकली, म्हणजे लवकर उठणं, व्यायाम, हिशोब, राग आवरणं, तर वेगळे मोटिव्हेशनल व्हिडिओ बघत बसायची गरज पडत नाही. कशी बांधायची ते क्रमानं सांगतो. सगळं एकदम चालू करू नका, एक पायरी अंगवळणी पडली की पुढची.

पायरी १ : आधी घोड्याचं घड्याळ समजून घ्या

घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लईच लहान असतंय, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास तयार होत राहतं, पोटात काही असो वा नसो. त्यामुळं दिवसातनं दोनदा पोटभर टाकलं की झालं, हा म्हशीचा हिशोब इथं चालत नाही. थोडं थोडं, सारखं सारखं चरणारं जनावर आहे हे. वैरणीशिवाय पाच-सहा तास उभं राहिलं की अल्सरची भीती, आणि मग भुकेल्या घोड्यानं हपापून खाल्लं की पोटशुळाची. वर परत घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणजे चुकीचं काही पोटात गेलं तर ते बाहेर यायचा मार्ग नाही.

म्हणून पहिलं काम कागदावर. वैरणीच्या चार वेळा लिहा, उदाहरणार्थ पहाटे साडेपाच, सकाळी अकरा, दुपारी चार, रात्री साडेनऊ. ह्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या वेळेला मालक स्वतः पाहिजे, मधल्या दोन मोतद्दाराच्या किंवा घरच्यांच्या. झालं, तुमची उठायची आणि झोपायची वेळ ठरली. साडेनऊला वैरण टाकून, पाणी बघून घरी आलात की दहाला अंथरुणात. रात्री एकपर्यंत मोबाईल घासणाऱ्या माणसाला पहाटे पाचला उठवणं कुठल्याच गजराला जमत नाही, त्यामुळं सुरुवात रात्रीच्या वैरणीपासनं करा, पहाटेपासनं नको. पहिले आठ-दहा दिवस फक्त रात्रीची वेळ पाळा, सकाळ कधी होईल तशी होऊ दे.

अजून एक, मोबाईल तबेल्याच्या बाहेर. वेळ बघायला सेकंद काटा असलेलं साधं घड्याळ भिंतीला लावा, ते पुढच्या पायरीला लागतंयच.

पायरी २ : सकाळची दहा मिनिटं फक्त बघायची

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी, म्हणून जरा सविस्तर.

तबेल्यात शिरल्या शिरल्या वैरण टाकायची नाही. आधी दारात उभं राहून बघायचं. घोडा कसा उभा आहे, चारी पायावर सारखं वजन आहे की पुढचा एखादा पाय पुढं काढून ठेवलाय (मागचा एक पाय ढिला सोडून आराम करणं नॉर्मल, पुढचा नाही), रात्रीची वैरण उरलीय का, बादलीतलं पाणी किती कमी झालंय, लिदीचे ढीग नेहमीएवढे आहेत का, लीद कोरडी टणक आहे की पातळ. नुसत्या लिदीवरनं पोटाची निम्मी बातमी कळते.

मग नाडी. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं फिरवली की पेन्सिलीएवढी एक नस हाडावरनं सरकताना लागते. अंगठ्यानं नाही, दोन बोटांनी हलकं दाबून धरायचं, कारण अंगठ्याला आपलीच नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. आरामात असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. पहिल्यांदा नस सापडायला वेळ लागतो, घोडं मान हलवतं, परत पहिल्यापासनं. इथंच गंमत आहे, तुम्ही घाईत असला, डोक्यात ऑफिसचं भांडण चालू असलं तर घोडं एका जागी थांबतच नाही. खांदे सैल सोडून दोन-चार लांब श्वास घेतले की तेही मान खाली सोडतं. ध्यानधारणेच्या क्लासची फी वाचते म्हणायला हरकत नाही.

श्वास कुशीच्या हालचालीवरनं मोजायचा, मिनिटाला ८ ते १६. ओठ वर करून हिरडी बघायची, गुलाबी आणि ओलसर पाहिजे, बोटानं दाबून सोडली की पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. दोन्ही कुशींना कान लावून ऐका, पोटात गुडगुड चालू पाहिजे, एकदम शांत पोट ही वाईट बातमी. ताप रोज बघायची गरज नाही, आठवड्यातनं एकदा आणि शंका आली की, ३७.२ ते ३८.३ डिग्री सेल्सिअस म्हणजे साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट.

हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहायचं. तारीख, नाडी, श्वास, लीद, पाणी. आणि त्याच ओळीच्या खाली स्वतःची एक ओळ, किती वाजता उठलो, काल किती वाजता झोपलो, व्यायाम झाला का नाही. एवढंच. मनातल्या भावना लिहायची वही नाही ती, त्यामुळं ती चालू राहते. महिनाभरानं वही चाळली की घोड्याचं नॉर्मल काय ते पाठ झालेलं असतंय, आणि रात्री अकराला डॉक्टरांना फोन करायची वेळ आली तर "कसंतरीच करतंय ओ" ऐवजी "नाडी रोज छत्तीस असते, आत्ता चौसष्ट आहे, संध्याकाळपासनं लीद नाही" असं सांगता येतं. ह्या दोन फोनांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, डॉक्टरांनाच विचारा.

पोटशुळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. घोडं सारखं कुशीकडं वळून बघतंय, पुढच्या पायानं जमीन उकरतंय, उठबस करतंय, लोळतंय, तर खाणं लगेच काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. नाडी साठच्या वर असेल तर थांबायचंच नाही. बाटलीनं तेल किंवा काढा पाजायची आपल्याकडं लई जुनी खोड आहे, ते फुफ्फुसात गेलं तर पोटापेक्षा मोठं दुखणं उभं राहतं. डॉक्टर नाकातनं नळी घालून देतात ते वेगळं, ते त्यांनाच करू दे. ओळखीचा डॉक्टर मिळत नसेल तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा टोल फ्री नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पायरी ३ : अंदाज बंद, वजन चालू

"दोन ओंजळी हरभरा आणि एक पेंढी कडबा" हे माप नव्हे. तुमची ओंजळ वेगळी, मोतद्दाराची वेगळी. एक लटकवायचा वजनकाटा आणा.

आधी घोड्याचं वजन काढा. पुढच्या पायांच्या मागनं छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, आणि खांद्याच्या टोकापासनं मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर वजन साधारण ३७७ किलो येतं. ह्याच्या दीड ते दोन टक्के वाळली वैरण रोज, म्हणजे ह्या घोड्याला साडेपाच ते साडेसात किलो, चार वेळांत वाटून. चंदी, म्हणजे दाणा, काम असेल तेवढीच, आणि एका वेळेला दीड किलोच्या वर नको, आधी वैरण मग चंदीचा तोबरा (तोंडाला बांधायची पिशवी). पाणी दिवसाला २५ ते ५० लिटर लागतं, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी जास्तच. खाण्यात कुठलाही बदल करायचा तर सात ते दहा दिवसांत हळूहळू.

आता आपल्या भागातल्या खास गोष्टी. गूळ. कोल्हापुरात राहून घोड्याला गूळ देऊ नका म्हणणं म्हणजे पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा देऊ नका म्हणण्यासारखं, पण खडा हातावर ठेवून चाटवणं वेगळं आणि भेली फोडून घालणं वेगळं. जास्त साखरेनं आणि जास्त धान्यानं खुरांच्या आत सूज येते, घोडं पुढं पाय टाकायला तयार होत नाही, आणि एकदा झालं की आयुष्यभर सांभाळत बसावं लागतं. उसाच्या सीझनमध्ये फुकट वाडं (उसाचे हिरवे शेंडे) मिळतंय म्हणून तेच रोजची वैरण करायची नाही. हत्ती गवतात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम अडवून धरतं, आणि गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त. ही दोन्ही महिनोन्महिने मुख्य खाणं म्हणून घातली की हाडातलं कॅल्शियम जातं आणि तोंडाची हाडं फुगतात. आणि शेजारी पोल्ट्री असेल तर कोंबडीखाद्याचं पोतं तबेल्याच्या आसपास सुद्धा नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, कोंबडीला चालतं, घोड्याच्या हृदयाला मारक. ज्या गिरणीत कोंबडीचं खाद्य निघतं तिथनं घोड्याचं मिक्स आणू नये हे बरं.

इथं तुमची सवय कुठली? घोड्याचा घेर महिन्यातनं दोनदा मोजता तेव्हा तोच टेप स्वतःच्या पोटाभोवती फिरवा आणि त्याच वहीत लिहा. मोतद्दारासमोर लिहायला लागलं की मिसळीबरोबरचा तिसरा पाव आपोआप नको वाटतो.

पायरी ४ : खरारा आणि खूर, म्हणजेच तुमचा व्यायाम

खराऱ्यानं अंग घासायला पंधरा-वीस मिनिटं द्या. मानेपासनं मागं, गोल गोल, मांसल भागावर जोरात, हाडाच्या भागावर, तोंडावर आणि गुडघ्याखाली खरारा नाहीच, तिथं मऊ ब्रश. हात फिरवताना गोचीड, जखम, सूज, गरम जागा सगळं सापडतं, विशेषतः खोगिराखाली आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, बसतो तिथं.

खुरं रोज. हुक टाचेकडनं पुढं चालवायचा, तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूच्या खाचा नीट काढायच्या, खडा आणि खिळा शोधायचा. पावसाळ्यात त्या खाचांतनं काळा चिकट स्राव आणि घाण वास आला की समजा कुजायला लागलंय. औषध डॉक्टर देतील, पण खाली ओलं असेपर्यंत कुठलंच औषध लागू पडत नाही, आधी जमीन कोरडी करा. खिळा घुसला तर लगेच डॉक्टर, धनुर्वाताला घोड्याएवढं नाजूक जनावर क्वचितच, त्याची लस चुकवू नका. आणि खुराशी काम करताना खाली मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसायचं नाही, कमरेत वाकून नाहीतर उकिडवं, म्हणजे क्षणात बाजूला होता आलं पाहिजे. चार खुरं झाली की चार वेळा बैठक झाली, त्यात अजून वीस टाका, कपडे तसेही घामाचेच असतात. जिमला नंतर जाऊ म्हणणारा माणूस जात नाही.

नालबंद आला की तो जायच्या आधीच सहा ते आठ आठवड्यांनंतरची तारीख घेऊन वहीत लिहा. "पाय वाढले की बोलवू" म्हणणाऱ्याच्या घोड्याचे पाय कायम वाढलेलेच असतात.

एकट्यानं हे सगळं टिकत नाही, हेही सांगून ठेवतो. गंगावेस, मोतीबाग ह्या तालमींत पोरं पहाटे अंधारात मेहनतीला उतरतात ते काही सगळीच लई निश्चयी असतात म्हणून नाही, न आलेलं वस्तादांना कळतं म्हणून. तुमचा पण कोणीतरी असा पाहिजे. अजून एक घोडामालक गाठा, रोज सकाळी सहाच्या आत एकमेकांना वहीच्या पानाचा फोटो. गुड मॉर्निंग, फुलं वगैरे काही नको, नुसतं पान.

पायरी ५ : रपेट

पहिली दहा मिनिटं साधी चाल, शेवटची दहा मिनिटं साधी चाल, मध्ये काय ते काम. घाम आणि धाप पूर्ण बसल्याशिवाय बांधायचं नाही. हेल्मेट घाला, फेट्यातला फोटो नंतर काढा.

आठवड्याला एकच गोष्ट शिकवायची. ह्या आठवड्यात नुसतं सैल लगामावर उभं राहणं, पुढच्या आठवड्यात मागं सरकणं. लगामाचा किंवा पायाचा दाब दिला आणि घोड्यानं बरोबर उत्तर दिलं की दाब त्याच क्षणी सोडायचा, घोडं शिकतं ते सोडण्यातनं. दोन-तीन सेकंद उशिरा सोडला तर त्यानं मध्ये जे काही केलं तेच त्याला बरोबर वाटतं. म्हणजे इथं तुमचं लक्ष तपासलं जातंय, घोड्याचं नाही. आणि रागात असताना स्वार व्हायचंच नाही, त्या दिवशी हातात दोर धरून अर्धा तास चालवून आणा, दोघांचंही भागतं.

रंकाळ्याला उजाडल्यावर चालणाऱ्यांची गर्दी होते, हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, गणपतीत डीजे. ह्या प्रत्येकाची ओळख लांबनं, बेतानं करून द्यायची, जिथं कान टवकारले पण पाय थांबलेले आहेत तिथंच उभं राहायचं, शांत झालं की चार पावलं पुढं. वरातीसाठी काठीनं मारून पाय उचलायला लावणारे, लगाम ओढून नाचवणारे आहेत, त्याला ट्रेनिंग म्हणत असतील तर म्हणू दे, मला ते बघवत नाही. भेदरलेलं जनावर फटाके वाजले की नवरदेवासकट कुठं जाईल सांगता येत नाही, एवढं तरी त्यांनी धंदा म्हणून लक्षात घ्यावं.

पायरी ६ : पैसे

थोडक्यात सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच वहीच्या मागच्या पानावर वैरण, चंदी, नालबंद, औषध, पगार असे पाच आकडे. रब्बीची ज्वारी निघाल्यावर कडबा घेऊन ठेवा, पावसाळ्यात घ्यायला गेलात की भाव ऐकून घाम फुटतो आणि माल बुरशी लागलेला. बुरशीचा कडबा फुकट मिळाला तरी घालू नका. एक रक्कम डॉक्टरांच्या नावानं बाजूला, तिला हात लावायचा नाही, नव्या खोगिरासाठी तर नाहीच.

पायरी ७ : खंड पडणारच, त्याची सोय

सवय एकवीस दिवसांत लागते असं जे सगळीकडं फिरतंय ते सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर ह्याचा अभ्यास केला, तो २०१० साली छापला. सवय अंगात मुरायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही असंही त्यात दिसलं. म्हणजे जोतिबाची यात्रा, घरचं लग्न, ताप, ह्यात दोन दिवस व्यायाम राहिला तर राहू दे.

फक्त घोड्याचं राहून चालत नाही. म्हणून "कमीत कमी दिवस" आधीच ठरवून ठेवा, पाणी, चार वेळा वैरण, खुरं, हिरडी. रपेट नाही, सजावट नाही. हे एका पानावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून दाराला लावा, किलोच्या आकड्यांसकट, म्हणजे तुमचा चुलतभाऊ आला तरी करू शकेल. पण नुसती उभी विश्रांती असेल त्या दिवशी चंदी कमी करायची हेही त्यावर लिहा, काम नाही आणि तोबरा भरलेलाच, ह्यानं घोडं आखडतं.

पायरी ८ : पावसाळ्याचे निर्णय मे महिन्यात

आपल्याकडं शिस्तीची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं होतं आणि चिखली, आंबेवाडीकडं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. नदीकाठच्या भागात शेड असेल तर "बघू, वाढलं तर हलवू" हा निर्णय नाही. कागदावर असं लिहा, ३९ फूट झालं की घोडा हलणार. ४३ ची वाट बघितली की टेम्पोवाला फोन उचलत नाही, रस्ता बंद असतो आणि घोडं घाबरून चढत नाही.

त्यासाठी मे महिन्यात, कोरड्या दिवशी, टेम्पोत चढायची प्रॅक्टिस. पहिल्या दिवशी नुसतं फळीवर पुढचे दोन पाय आणि परत मागं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चारी पाय, आत थोडी वैरण. मग इंजिन चालू करून उभं. मग कोपऱ्यापर्यंत फेरी. फळीवर पोतं किंवा जुनी मॅट टाका, पत्र्याच्या आवाजानंच निम्मी घोडी बिथरतात. जिथं न्यायचं त्या उंचावरच्या पाहुण्याशी आधी बोलून ठेवा, चार-पाच दिवसांची वैरण तिथं अगोदरच टाका, घोड्याचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो आणि लसीची कागदं मोबाईलमध्ये.

पाऊस उघडायला लागला की डांस (जनावरांचं रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या) आणि बाकीच्या चावऱ्या माश्या वाढतात, त्यांच्यातनं सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखाली सूज, खाऊन पिऊन घोडं वाळत जातं. त्या दिवसांत आठवड्यातनं एकदाचं टेंपरेचर रोजचं करा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला, कारण सकाळी नॉर्मल असणारं घोडं संध्याकाळी तापलेलं सापडतं. वहीत दोन उभे रकाने वाढवा. रक्त तपासायला द्यायचं तर ते तापात असतानाच घेतलेलं बरं, म्हणून आकडा वर गेला की त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन करा, सकाळवर ढकलू नका.